तंबूतल्या दवाखान्यात आलेली बातमी
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

दवाखान्यावरची मालिका म्हटलं की एक ठरीव चित्र डोळ्यांपुढे येतं. ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा, बाकड्यावर बसलेले नातेवाईक आणि दार उघडून बाहेर येणारे, मास्क खाली ओढणारे डॉक्टर. मग ते एक तर हसतात, नाही तर 'आय अ‍ॅम सॉरी' म्हणतात. हिंदी सिनेमानं हे दृश्य आपल्याला इतक्या वेळा दाखवलं आहे की खऱ्या दवाखान्यात गेल्यावरही आपण त्या लाल दिव्याकडेच बघत बसतो.

आज ज्या मालिकेबद्दल मी बोलणार आहे, तिच्यात लाल दिवा नाही, कारण भिंतच नाही. तिच्यातला दवाखाना तंबूत आहे. मालिका अमेरिकेतली, पन्नास वर्षांपूर्वीची आणि चक्क विनोदी. तिचं नाव 'मॅश'. 'मोबाइल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल' या चार शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते तयार झालं. आपल्या भाषेत, सैन्याबरोबर फिरणारा शस्त्रक्रियेचा दवाखाना. १९७२ ते १९८३ अशी अकरा पर्वं ही मालिका चालली. मी बोलणार आहे ते फक्त तिसऱ्या पर्वाबद्दल. ते १० सप्टेंबर १९७४ रोजी सुरू झालं आणि १८ मार्च १९७५ रोजी संपलं. भाग चोवीस. त्यातल्या शेवटच्या भागाच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांसाठी हे सगळं सांगायचं आहे.

करमणुकीची मालिका हा काय इतिहासाचा विषय झाला, असं कुणी विचारील. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. पानिपत आम्हाला तारखेसकट पाठ होतं. किती घोडे, किती तोफा, कोण कुठल्या बाजूला उभा होता, सगळं. पण संध्याकाळी त्या मैदानावर जे जखमी पडले होते त्यांना कुणी उचललं, कुणी पाणी पाजलं, त्यांच्या जखमा कुणी शिवल्या, हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नाही. युद्धाचा इतिहास सेनापतीच्या तंबूत लिहिला जातो. दवाखान्याच्या तंबूतून तो कसा दिसतो, हे सांगणारी पुस्तकं थोडी. म्हणून अशी एखादी मालिका हाताशी आली तर ती टाकून देऊ नये.

आधी खरा दवाखाना बघू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला एक गोष्ट कळून चुकली होती. जखमी माणसाला दूरच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं म्हटलं तर तो वाटेतच जातो. तेव्हा माणूस सर्जनकडे नेण्यापेक्षा सर्जनलाच आघाडीजवळ न्यावं. मायकेल डिबेकी या सर्जनचा या विचारात मोठा वाटा होता. पुढे हृदयशस्त्रक्रियेत त्यांचं नाव जगभर झालं. २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटलं आणि ही तंबूतली इस्पितळं ट्रकांवर लादून आघाडीमागे फिरू लागली. तंबू, खाटा, जनरेटर, ऑपरेशनची टेबलं, सगळं उचलायचं आणि पुढच्या गावाला जायचं. जोडीला हेलिकॉप्टर आलं. ते इतकं लहान की जखमीला आत जागाच नसे. बाहेरच्या बाजूला दोन स्ट्रेचर बांधायचे आणि उडायचं.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. दुसऱ्या महायुद्धात दवाखान्यापर्यंत पोचलेल्या दर शंभर जखमी अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे साडेचार दगावत. कोरियात हे प्रमाण अडीचवर आलं. त्याहून मोठी गोष्ट रक्तवाहिन्यांची. महायुद्धात हातापायाची मुख्य धमनी तुटली की ती बांधून टाकत आणि अशा निम्म्या जखमींचा अवयव कापावा लागे. कोरियात सर्जन तुटलेली धमनी जोडू लागले आणि ते प्रमाण शंभरात तेराच्या आसपास उतरलं. कित्येक माणसं आपल्या दोन पायांवर घरी गेली ती या तंबूंमुळे.

अशाच एका तंबूत रिचर्ड हॉर्नबर्गर नावाचा तरुण सर्जन होता. घरी परतून त्यानं मेन राज्यात डॉक्टरकी केली आणि १९६८ साली रिचर्ड हूकर या टोपणनावानं 'मॅश' ही कादंबरी लिहिली. १९७० साली रॉबर्ट ऑल्टमननं तिच्यावर चित्रपट काढला. तेव्हा व्हिएतनाम पेटलेलं होतं. पडद्यावर कोरिया होता, पण बघणाऱ्याला दिसत होतं व्हिएतनाम. १७ सप्टेंबर १९७२ रोजी सीबीएस या वाहिनीवर मालिका सुरू झाली. लॅरी गेलबार्ट लेखक आणि जीन रेनॉल्ड्स निर्माता, ही जोडी तिच्यामागे होती. मूळ लेखक हॉर्नबर्गर राजकीय मतांनी परंपरावादी. आपल्या पुस्तकातून निघालेली ही युद्धविरोधी मालिका त्याला कधीच आवडली नाही. पुस्तक छापून झालं की ते लेखकाचं राहत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

मालिकेतली मुख्य माणसं सांगतो. हॉकआय पिअर्स आणि ट्रॅपर जॉन हे दोन सर्जन, टवाळखोर आणि हातात कसब असलेले. रडार हा कारकून. हेलिकॉप्टरचा आवाज इतरांच्या आधी त्याला ऐकू येतो, आणि साहेबाच्या मनातलं वाक्य साहेबाच्या आधी त्याच्या तोंडी येतं. आणि तो साहेब म्हणजे लेफ्टनंट कर्नल हेन्री ब्लेक, दवाखान्याचा प्रमुख. डोक्यावर मासेमारीची टोपी, तिला गळ टोचलेले. पुढ्यात येईल त्या कागदावर न वाचता सही करणारा. सैन्यात चुकून आलेला, इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावचा साधा डॉक्टर. हुकूम सोडायची वेळ आली की गोंधळायचा आणि टेबलाशी उभा राहिला की गोंधळ संपायचा. मॅक्लीन स्टीव्हन्सन या नटानं तो असा उभा केला आहे की आपल्या पंचायत समितीच्या आरोग्य केंद्रातले एखादे भले, विसराळू साहेब आठवावेत.

आता हशाबद्दल. त्या काळच्या अमेरिकी विनोदी मालिकांना पाठीमागून हशा जोडलेला असे. चार्ल्स डग्लस नावाच्या सीबीएसच्या तंत्रज्ञानं १९५०च्या दशकात त्यासाठी एक यंत्रच बनवलं होतं. कळ दाबली की मंद हसू, दुसरी दाबली की गडगडाट. गेलबार्टला हा डबाबंद हशा अजिबात नको होता. वाहिनी ऐकेना. शेवटी तडजोड झाली ती अशी, की इतर ठिकाणी हशा राहील, ऑपरेशन थिएटरच्या दृश्यांत मात्र नाही. पोट उघडून ठेवलेल्या माणसापाशी सर्जन कितीही चावट बोलला तरी यंत्र गप्प राहील. ब्रिटनमध्ये बीबीसीनं ही मालिका दाखवली ती हशा वगळून.

मला ही मालिका पुष्कळ उशिरा, एका मित्राच्या मुलानं परदेशातून आणलेल्या डीव्हीडींवर पाहायला मिळाली. त्या डीव्हीडींवर एक सोय आहे. हशासकट बघा किंवा हशाशिवाय. मी तिसरं पर्व दोन्ही प्रकारे पाहिलं. मुशायऱ्यांत आणि कविसंमेलनांत आयुष्य गेलेल्या माणसाला दाद म्हणजे काय ते सांगायला नको. शेर पडतो, क्षणभर शांतता असते आणि मग समोरून 'वाहवा' येते. त्या क्षणभरात कवीचा जीव टांगलेला असतो. यंत्राच्या हशात तो क्षणच नाही. विनोद संपायच्या आत हशा हजर. आवाज बंद करून बघितलं तर तेच संवाद वेगळे लागतात. दिवसाला चौदा चौदा तास माणसं शिवणाऱ्यांची ती बडबड आहे, झोप येऊ नये म्हणून केलेली. आणि मग तंबूचा पडदा सरकून आपण ऑपरेशनच्या टेबलापाशी येतो आणि हशासकट बघताना तिथली शांतता एकदम कानावर आदळते. वाहिनीनं नाइलाजानं मान्य केलेली तडजोड या मालिकेचं सगळ्यात मोठं हत्यार झाली, असं माझं मत आहे. हशा होता म्हणून तर तो थांबलेला ऐकू आला.

तिसऱ्या पर्वात या हत्याराला धार आली. ८ ऑक्टोबर १९७४ रोजी 'ओ. आर.' नावाचा भाग दाखवला गेला. ओ. आर. म्हणजे ऑपरेटिंग रूम. हा सबंध भाग ऑपरेशनच्या तंबूत घडतो, त्यामुळे त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत हशा नाही. जखमी येत राहतात, रक्त कमी पडतं, पाय दुखतात, कुणी चिडतं, कुणी एखादा थकलेला विनोद करतं आणि पुढचा जखमी टेबलावर येतो. कथानक म्हणावं असं काही नाहीच. गेलबार्ट आणि रेनॉल्ड्स यांनी कोरियात काम केलेल्या डॉक्टरांशी बोलून बोलून माहिती जमवली होती, ती इथे जाणवते. प्रेक्षक अशा भागाला सरावला की मग त्याला पुढचा धक्का देता येतो. तो धक्का पर्वाच्या शेवटी आला.

पडद्यामागची गोष्ट अगदी व्यवहारी होती. मॅक्लीन स्टीव्हन्सनला मालिका सोडायची होती. दुय्यम भूमिकेचा त्याला कंटाळा आला होता. तेव्हा हेन्री ब्लेकला घरी पाठवणं भाग होतं. त्या दिवसांत मालिकेतलं पात्र सोडून जायचं म्हणजे बदली, लग्न किंवा लांबचा प्रवास. हसतं-खेळतं पात्र मारून टाकण्याची पद्धत नव्हती.

'अ‍ॅबिसिनिया, हेन्री' हा तो भाग. नाव म्हणजे इंग्रजीतला एक पोरकट शब्दखेळ आहे. 'पुन्हा भेटू' हे वाक्य भरभर म्हटलं की त्या देशाच्या नावासारखं ऐकू येतं. हेन्रीची सुटका झाल्याची बातमी येते. तो घरी फोन करतो. निरोपाची पार्टी होते, सगळे पितात, रडतात, त्याला नवा कोरा सूट भेट देतात. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरपाशी रडार त्याला सलाम ठोकतो, हेन्री परत फिरून त्याला मिठी मारतो आणि निघून जातो. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसावेत आणि टीव्ही बंद करावा, असा शेवट.

पण अजून एक पान शिल्लक होतं. ते पान नटमंडळींना आधी दिलेलंच नव्हतं. बाकीचं चित्रण संपल्यावर त्यांच्या हाती ठेवलं. ऑपरेशनचा तंबू. सगळे सर्जन टेबलांवर वाकलेले. रडार आत येतो, मास्क न लावता. ट्रॅपर त्याच्यावर खेकसतो की मास्क लाव. रडारच्या हातात कागद आहे. तो वाचतो की हेन्री ब्लेकचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं आणि कुणीही वाचलं नाही.

आणि मग काही होत नाही. कुणी किंचाळत नाही, कुणी टेबल सोडून जात नाही. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून फिरतो. मास्कमुळे दिसतात ते फक्त डोळे. हात चालू आहेत, कारण हातांखाली माणूस उघडा पडला आहे. कुठेतरी एक अवजार खाली पडल्याचा आवाज होतो. ते ठरवून पाडलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा चित्रण करताना कुणाच्या तरी हातून निसटलं आणि दिग्दर्शन करणाऱ्या गेलबार्टनं ते तसंच ठेवलं. स्टीव्हन्सन स्वतः तिथे हजर होता. आपल्या पात्राचं काय झालं हे त्यालाही इतरांबरोबरच कळलं.

आमच्या भाषांत मर्सिया हा शोककाव्याचा प्रकार आहे. मर्सियात शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. श्रोता घरून निघतानाच रडायची तयारी करून येतो, आणि कवी त्याला पायरी पायरीनं तिथवर नेतो. मोठी कला आहे ती. हेन्रीचा मृत्यू त्याच्या बरोब्बर उलट जातीचा. पायरी नाही, तयारी नाही, मृतदेहसुद्धा नाही. एक कागद आणि तो वाचणारा एक कारकून. युद्धावर गेलेल्या मुलाच्या आईबापांना बातमी अशीच मिळते.

माझे एक मामू ट्रकच्या अपघातात गेले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दवाखान्यात रात्री दोनच्या सुमाराला दार उघडलं आणि एक तरुण डॉक्टर बाहेर आला. हातमोजे तसेच होते. 'गेले,' एवढंच तो म्हणाला आणि परत आत गेला, कारण त्याच अपघातातला दुसरा माणूस आत होता. मुमानी पुढे कित्येक वर्षं म्हणायची, काय दगडाचा माणूस होता तो. मी दाराजवळ उभा होतो. आत जाताना त्यानं कोपर चौकटीला टेकवलं होतं, श्वास घ्यावा तेवढाच वेळ. मी ते मुमानीला सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि ती काही बोलली नाही.

त्या भागानंतर सीबीएसकडे पत्रांचा पाऊस पडला. विनोदी मालिकेत असं करायचा तुम्हाला काय अधिकार, असा सूर. लहान मुलं रडत झोपली म्हणून आईबाप चिडले होते. निर्मात्यांचं म्हणणं साधं होतं. युद्धात आवडती माणसं घरी परतत नाहीत, आणि तीन वर्षं आम्ही ज्या युद्धावर तुम्हाला हसवलं त्यात हेही असतं.

आता तारखा बघा. तो भाग दाखवला गेला १८ मार्चला. त्यानंतर सतरा दिवसांनी, ४ एप्रिल १९७५ रोजी, व्हिएतनाममधली अनाथ मुलं अमेरिकेला नेणारं लष्करी विमान सायगावजवळ कोसळलं. सव्वाशेहून अधिक जीव गेले, त्यात सत्तरहून अधिक मुलं. ३० एप्रिलला सायगाव पडलं. व्हिएतनामात अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले होते आणि वर्षानुवर्षं टीव्हीवर त्यांचा आकडा सांगितला जात होता. आकड्याला लोक सरावले होते. टोपीला गळ टोचलेल्या, कधी जन्मालाच न आलेल्या एका माणसासाठी त्यांनी कागद-पेन घेतलं. मी त्यांना हसत नाही. नाव आणि टोपी कळल्याशिवाय माणसाला माणसासाठी रडता येत नाही, आणि आम्हा लिहिणाऱ्यांचा धंदाच त्यावर चालतो.

पण इथेच माझी या पर्वाबद्दलची तक्रारही आहे. कोरियाच्या युद्धात छत्तीस हजारांहून अधिक अमेरिकी मेले. कोरियन माणसं मेली ती लाखांनी. उत्तरेची, दक्षिणेची, सैनिक, शेतकरी, बायका, मुलं. या मालिकेत कोरियन माणूस दिसतो तो बहुधा कपडे धुणारा, काहीबाही विकणारा किंवा अनाथ पोर म्हणून. पुष्कळदा त्याची भूमिका जपानी किंवा चिनी वंशाचा अमेरिकी नट करतो. त्याला नाव असलं तरी पुढच्या भागापर्यंत टिकत नाही. ज्यांच्या अंगणात हे तंबू ठोकले होते त्यांच्यापैकी कुणाच्या मरणाची बातमी कागदावर लिहून त्या तंबूत आली नाही. मोठ्या मनाच्या कलाकृतीलाही देशाची सरहद्द असते, ती अशी.

आणि आपल्याला हे बोलायचा थोडा हक्क आहे, कारण त्या युद्धात आपलाही एक दवाखाना होता. भारतानं कोरियात लढायला सैन्य पाठवलं नाही. पाठवली ती ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स, म्हणजे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि परिचारक यांची साडेतीनशेच्या आसपास माणसांची तुकडी. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. नोव्हेंबर १९५० मध्ये ती बुसानला उतरली. पुढच्याच महिन्यात चिनी फौजांच्या रेट्यापुढे प्याँगयांगमधून माघार घ्यायची वेळ आली आणि वाहनं मिळेनात. सामान टाकून निघा, असा सल्ला होता. या मंडळींनी स्टेशनात उभं असलेलं एक जुनं वाफेचं इंजिन शोधलं, हातोहात बादल्यांनी त्यात पाणी भरलं, डबे जोडले आणि जखमी व औषधांसह गाडी स्वतः चालवत बाहेर काढली. मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर रंगराज आणि त्यांचे मोजके सहकारी विमानातून उडी मारून उतरले आणि तिथेच जखमींवर उपचार करू लागले. रंगराज यांना महावीरचक्र मिळालं.

मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. या तुकडीचा एक भाग देगू शहरात राहिला आणि त्यानं कोरियन सैनिकांवर आणि साध्या कोरियन नागरिकांवर उपचार केले. मालिकेनं जे कोरियन चेहरे कडेला ठेवले, ते इथे खाटेवर होते. युद्धबंदीनंतर १९५३ साली कैद्यांची व्यवस्था बघायला भारताची संरक्षक फौज गेली, तिचे प्रमुख आपले मेजर जनरल शंकरराव थोरात. तेव्हाही ही तुकडी तिथे होती. १९५४च्या सुरुवातीला ती परतली. सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांवर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला म्हणून चीनमधला तो मराठी डॉक्टर घरोघरी माहीत आहे. रंगराज आणि त्यांच्या माणसांना अजून कुणी शांताराम मिळालेला नाही. बादल्यांनी इंजिन भरणारे परिचारक आणि देगूच्या वॉर्डातल्या रात्री, नुसत्या एवढ्यावर एक अख्खं पर्व उभं राहील.

पुढचं थोडक्यात सांगतो. हेन्रीच्या जागी नवा कर्नल आला, मालिका आणखी आठ पर्वं चालली. तीन वर्षांचं युद्ध टीव्हीवर अकरा वर्षं लांबलं. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी शेवटचा भाग दाखवला तेव्हा अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोक तो बघत होते. मॅक्लीन स्टीव्हन्सन १५ फेब्रुवारी १९९६ रोजी वारला. दुसऱ्याच दिवशी, १६ तारखेला, मूळ चित्रपटात हेन्री ब्लेकची भूमिका करणारा रॉजर बोवेन हा नटही गेला. अशा योगायोगावर कवीनं कविता लिहू नये, खोटी वाटते.

खरी तंबूतली इस्पितळं मालिकेनंतरही वीसहून अधिक वर्षं टिकली. त्यातलं शेवटचं २१२ क्रमांकाचं. ८ ऑक्टोबर २००५च्या भूकंपानंतर ते पाकव्याप्त काश्मीरमध्ये मुझफ्फराबादला उभं राहिलं, आणि ढिगाऱ्यांतून काढलेल्या माणसांवर तिथे महिनोन्‌महिने उपचार झाले. २००६च्या फेब्रुवारीत परत जाताना अमेरिकी सैन्यानं ते तंबू आणि आतलं सामान तिथेच पाकिस्तानच्या स्वाधीन केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या तुकडीचं नाव बदललं आणि अमेरिकी सैन्यातलं शेवटचं 'मॅश' बंद झालं.